ठोंबरेसाहेबांच्या घरची चोरी

“पिशवी उघड,” मडमबाई म्हणाल्या.

मी बंगल्याच्या पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आले होते. हातात रोजची कापडी पिशवी. तिच्यात साहेबांच्या इंजेक्शनचा डबा, माझा जेवणाचा डबा आणि शांतवनमामांनी आईसाठी दिलेली लिंबं. मला आधी वाटलं, लिंबांबद्दलच काहीतरी बोलायचं असेल.

“मॅडम, लिंबं मामांनी दिलीत.”

“लिंबू नको. पिशवी उघड.”

मी उघडली. त्यांनी हात घालून आतलं सगळं चाचपलं. जेवणाच्या डब्याचं झाकणसुद्धा काढून पाहिलं. आत भाकरीचा उरलेला चतकोर होता. फाटकाबाहेर औषधाच्या रांगेतली माणसं उभी होती, ती माना वळवून बघत होती. माझ्या कानांतून जाळ निघत होता.

“जा,” म्हणाल्या आणि पाठ फिरवून आत गेल्या.

तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. निमगावच्या मिशन दवाखान्यात बायकांच्या वॉर्डची सिस्टर. माझा जन्म त्याच दवाखान्यातला, आणि मला पहिला श्वास घ्यायला लावला तोही ठोंबरेसाहेबांनीच. त्यांचं खरं नाव डॉक्टर एडविन थॉर्नबी. पण आमच्या नगर जिल्ह्यातल्या खेड्यांना थॉर्नबी कसं पेलणार? पहिल्याच वर्षी त्याचं ठोंबरे झालं आणि पुढे साहेब स्वतःही तसंच सांगू लागले. “मी ठोंबरे. बोला मावशी, पोट काय म्हणतंय?” असं त्यांनी म्हटलं की निम्मं दुखणं तिथंच पळायचं. मराठी तर असं बोलायचे की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, राहुरीकडचा कुणी पाटील बोलतोय.

मडमबाईंचं सगळं उलट. नाव विनिफ्रेड. साहेबांबरोबरच आलेल्या, तितकीच वर्षं इथं काढलेल्या, पण मराठी शिकल्या ती स्वयंपाकघरात आणि अंगणात. पाणी आण. दार लाव. इकडे ये. गप बस. ऊन लागलं तरी गावावर चिडायच्या, वारा सुटला तरी चिडायच्या. “आमच्या देशात असं नसतं,” हे त्यांचं पालुपद. भाजीवालीशी रोज भांडण. शिवणवर्गातल्या पोरींच्या बोटांवर पट्टी. त्यांचा जीव होता तो फक्त मागच्या अंगणातल्या पांढऱ्या कोंबड्यांवर. त्या खुराड्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालायचा नाही.

म्हणून त्या वर्षी होळीच्या सुमाराला जेव्हा कळलं की साहेब दवाखाना सोडून कायमचे इंग्लंडला परत निघालेत, तेव्हा गावाला कारण शोधावं लागलं नाही.

“मडमबाईच नेतीय त्यांला.” दवाखान्याच्या ओसरीवर, चर्चच्या पायरीवर, पिठाच्या गिरणीत हेच. “साहेबाचा जीव हितं अडकलाय. पर बायकूपुढं इंग्रजाचं बी चालत न्हाई.”

कुणी साहेबांच्या तोंडावरच म्हणायचं, “साहेब, तुमी नका ना जाऊ. मडमबाईंस्नी समजवा.” साहेब मान खाली घालून हसायचे, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि पुढच्या पेशंटकडे वळायचे. ते हसणं बघून आम्हाला भरून यायचं. वाटायचं, किती सोसतो हा माणूस.

त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते. ऑपरेशन करणं त्यांनी बंद केलं होतं. मधुमेहाचं इंजेक्शन स्वतःचं स्वतः घेता येईना, म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ बंगल्यावर जायची. आवराआवर सुरू झाल्यावर मी संध्याकाळी जास्त वेळ थांबू लागले. दवाखान्याला द्यायची पुस्तकं वेगळी काढ, भांडी कागदात गुंडाळ, असली कामं. आचारी शांतवनमामा आणि मी, आम्ही दोघंच घरात मोकळेपणानं फिरणारी माणसं.

पहिल्यांदा गेली ती मोठ्या पत्र्याच्या पेटीची किल्ली. असते कुठेतरी पडलेली, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. साहेबांनी कुलूप फोडून घेतलं.

मग कोट गेले. तिथल्या थंडीसाठी साहेबांनी मुंबईहून दोन जाड लोकरीचे कोट मागवले होते, एक स्वतःला आणि एक मडमबाईंना. कसर लागू नये म्हणून शांतवनमामांनी ते मागच्या दोरीवर उन्हात टाकले. दुपारी काढायला गेले तर दोरी रिकामी.

“कोट?” मी म्हटलं. “चैत्रात? आपल्या नगरच्या उन्हात लोकरीचे कोट कोण चोरील मामा?”

“नगरच्या बाजारात विकले तर?” मामा म्हणाले. पण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना वाटत होतं, सगळे आता त्यांच्यावरच येणार. दोरीवर कोट टाकले त्यांनी. काढायला गेले तेही तेच.

आणि नंतर पासपोर्ट गेले. दोघांचेही. साहेबांच्या टेबलाच्या खणातून.

आता मात्र हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. पासपोर्ट नाहीत म्हणजे जाणंच अडलं. नवे काढायचे तर मुंबईला खेटे, तिकिटं पुढं ढकला. दवाखान्याच्या कमिटीचे सेक्रेटरी उजागरे सायकलवरून धापा टाकत आले. बंगल्याच्या व्हरांड्यात आम्हा दोघांना उभं केलं. साहेब आणि मडमबाई वेताच्या खुर्च्यांवर बसले होते.

“मी पोलिसात देणार,” उजागरे म्हणाले. “परदेशी माणसाचा पासपोर्ट म्हणजे खेळ नाही. फौजदार आला की आपोआप आठवेल एकेकाला.”

“पोलीस नको,” मडमबाई लगेच म्हणाल्या.

“पण मॅडम—”

“नको. पोलीस माझ्या घरात नको.”

उजागरे आमच्याकडे वळले. “बघा. कसलं मन आहे. तुमच्यावर उपकार आहेत हे.”

शांतवनमामा तिथंच रडायला लागले. साठीचा माणूस, खांद्यावरच्या टॉवेलात तोंड खुपसून हुंदके देत होता. मला रडू आलं नाही. मला राग आला होता आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मडमबाईंनी कपाटांना कुलपं लावली. इतक्या वर्षांत त्या घरात कधी कुलूप दिसलं नव्हतं. आणि त्यानंतर दोन दिवसांनी फाटकापाशी माझी पिशवी उघडली गेली. मामांची नाही. माझी.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. हिवाळे सिस्टरची झडती घेतली म्हणे. वॉर्डातल्या एका म्हातारीनं मी उशी सरळ करायला गेले तर उशीखालची चंची काढून पोटाशी धरली. हळूच, मला कळू नये अशा बेतानं. तिचाही काय दोष?

उजागऱ्यांनी मला ऑफिसात बोलावून घेतलं. मेट्रन पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी माझं नाव पक्कं होतं.

“एस्तेरबाई, तुमचं नाव आम्ही तूर्त बाजूला ठेवतोय,” ते म्हणाले. “मनात काही आणू नका. हे प्रकरण मिटू द्या.”

“माझ्यावर संशय आहे का, ते सरळ सांगा.”

“छे छे. संशय कसला? पण लोक बोलतात ना.”

मला वाटलं होतं साहेब तरी बोलतील. सकाळी इंजेक्शन देताना मीच विषय काढला. “साहेब, तुम्हालाही वाटतं का की मी घेतले?”

त्यांनी बाहीची घडी खाली केली. बटण लावायला त्यांना वेळ लागला. मी मदत केली नाही.

“मला तसं वाटत नाही, एस्तेर,” ते म्हणाले. “पण कुणीतरी घेतलेत, हे तर खरंय.”

त्या ‘पण’नं मला जे लागलं, ते फाटकावरच्या झडतीनंही लागलं नव्हतं.

घरी आले तर आई चुलीपुढं बसली होती. सगळं तिच्या कानावर आलेलंच होतं. म्हणाली, “जाणाऱ्या माणसाला जाताना सगळे चोर दिसतात. तू उद्यापासून जाऊ नको तिकडं.”

“नाही गेले तर म्हणतील, बघा, चोराच्या मनात चांदणं.”

“मग शांतवन असंल.”

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच यायला लागलं होतं. लहानपणापासून ज्यांच्या हातची बिस्किटं खाल्ली, त्या मामांच्या पिशवीकडे माझी नजर जायची. त्यांची माझ्या पिशवीकडे जायची. स्वयंपाकघरात एकमेकांकडे पाठ करून आम्ही भांडी गुंडाळायचो. बोलणं बंद झालं होतं.

असंच एकदा गुंडाळत असताना माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. जर्मन घड्याळ, कुणीही सहज विकलं असतं. ते जागेवर होतं. पितळी समया होत्या, चांदीचे चमचे होते, साहेबांचा रेडिओ होता. ते सगळं टेबलावर उघडं पडलेलं. चोराला काय हवं होतं? पेटीची किल्ली. थंडीचे कोट. पासपोर्ट.

माझा हात थांबला. घरातली एकही किमती वस्तू गेली नव्हती. गेलं होतं ते फक्त जायला लागतं ते.

म्हणजे हा चोर नव्हता. कुणालातरी हे जाणं नको होतं.

आणि मग मला साहेबांचं ते मान खाली घालून हसणं आठवलं. मी मनाशी म्हटलं, अगं वेडे, साहेबच! बायकोपुढं बोलता येत नाही, म्हणून बिचारे लपवतायत. खोटं कशाला सांगू, माझं मन हलकं झालं. ‘पण कुणीतरी घेतलेत’ असं ते का म्हणाले, तेही उलगडल्यासारखं वाटलं. साहेब आपल्यापायी, या गावापायी चोरी करतायत. मग माझं नाव खराब झालं तर होऊ दे. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं, आणि त्या ठरवण्याचा मला अभिमानही वाटला.

फक्त एकदा डोळ्यांनी बघावं, एवढीच इच्छा होती.

बंगल्यात दुपारचं जेवण झालं की सगळं सामसूम व्हायचं. साहेब खोलीत पडायचे, मामा आउटहाउसमध्ये. एका दुपारी मी वॉर्डातून सुटी घेऊन मागच्या बाजूनं आले आणि चिंचेखालच्या पडक्या न्हाणीच्या आडोशाला उभी राहिले. ऊन असं की पत्रे कडकड वाजत होते. मागचं दार उघडेल आणि साहेब बाहेर येतील म्हणून मी वाट बघत होते.

दार उघडलं. बाहेर मडमबाई आल्या.

डोक्यावर छत्री, बगलेत काहीतरी धरलेलं. इकडंतिकडं बघितलं आणि भरभर खुराड्याकडं गेल्या. वाकून आत शिरल्या. कोंबड्यांचा कलकलाट झाला आणि लगेच थांबलाही, त्यांना ओळखीचा हात होता. मी आडोशातून निघाले आणि खुराड्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

आत दाण्यांची मोठी पत्र्याची कोठी होती. तिचं झाकण उघडं होतं. मडमबाई गुडघ्यांवर बसून बाजरी दोन्ही हातांनी बाजूला सारत होत्या आणि बाजरीखालून लोकरीची करडी बाही वर आली होती. शेजारी जमिनीवर साहेबांचा गरम कानटोपा आणि हातमोजे. ती त्या दिवशीची नवी चोरी.

माझी सावली पडली तशा त्या वळल्या. मला वाटलं, ओरडतील. ‘जा’ म्हणतील. त्या नुसत्या बघत राहिल्या. घामानं केस कपाळाला चिकटले होते, एका गालाला कोंडा लागला होता.

“मॅडम,” मी म्हटलं, “पासपोर्ट पण इथंच आहेत?”

त्यांनी कोठीकडे बोट दाखवलं.

“पण का? तुम्हालाच तर जायचंय!”

“कोण म्हणते?”

“सगळं गाव म्हणतं.”

“गाव,” त्या म्हणाल्या. आणि मग त्यांना पुढचं बोलता येईना. हुकूम सोडायला त्यांच्यापाशी मराठी होतं, हे सांगायला नव्हतं. निम्मं इंग्रजीत, निम्मं मोडक्या मराठीत, हातवारे करत त्या बोलल्या. मला समजलं तसं सांगते.

“मी म्हणत होते. पहिली दहा वर्षं रोज म्हणत होते, एडविन, घरी चल. रडत होते. तेव्हा तो आला नाही. त्याला इथं काम होतं. मग मी म्हणायचं थांबले. नुसती सवय म्हणून, आमच्या देशात असं, आमच्या देशात तसं. आता माझा देश कुठंय? बहीण गेली. घर विकलं गेलं. आणि आता त्याला जायचंय. त्यानं मला विचारलं नाही. तिकीटच आणलं आणि म्हणाला, विनी, तुझी इच्छा पुरी होतेय.”

“मग सांगायचं त्यांना.”

“काय सांगू? मीच मागितलं होतं ना?” त्यांनी एक कोंबडी उगाच मांडीवर ओढून घेतली. “इथं मी वाईट आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, मडमबाई वाईट. भाजीवाली माझ्याशी भांडायला रोज येते. तिथं माझ्याशी कोण भांडेल? तिथं मी एक म्हातारी. खिडकीपाशी बसलेली.”

उकाड्यानं आणि विष्ठेच्या वासानं मी गुदमरत होते. कीव येत होती, पण राग काही उतरला नव्हता.

“आणि माझी पिशवी का तपासलीत? तुम्हाला तर माहीत होतं ना कुठं आहे सगळं?”

त्यांनी पहिल्यांदा नजर चुकवली.

“उजागरे विचारत होता, तुम्ही कुणावर लक्ष ठेवता का. काहीतरी करून दाखवायचं होतं. शांतवन रडतो. रडून मेला असता. तू रडत नाहीस. म्हणून तू.”

“मला मेट्रन करणार होते, मॅडम. आता नाही करणार. म्हाताऱ्या बायका मला बघून चंच्या लपवतात.”

हे त्यांना माहीत नसावं. त्यांनी कोंबडी खाली सोडली. मग म्हणाल्या, “तू सांगणार?”

“नाही,” मी म्हटलं. “तुम्ही सांगायचं.”

आणि तशीच निघून आले. रात्रभर माझ्या मनात एकच चाललं होतं, की ही बाई सांगणार नाही. सकाळपर्यंत कोट दुसरीकडे हलवील आणि उलट माझ्याच घरात आणून ठेवील. इतका संशय अंगात भिनला होता. आईला मी उठवून सांगितलं, घराला कडी घाल आणि कुणालाही आत घेऊ नको.

रविवारी निरोपाची सभा होती. पासपोर्ट मिळोत न मिळोत, कमिटीनं तारीख बदलली नव्हती. उपासनेनंतर चर्चच्या पटांगणात मांडव घातलेला. आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बैलगाड्या भरभरून माणसं आलेली. साहेबांच्या गळ्यात इतके हार पडले की तोंड दिसेना. मी बायकांमध्ये मागं बसले होते. माझ्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा मोकळी होती.

उजागरे बोलायला उभे राहिले. “साहेबांचं मन इथंच आहे, हे कुणाला सांगायला नको,” ते म्हणाले. “पण शेवटी घरच्या माणसाचा शब्द मोडवत नाही. आपण समजून घेऊ.” बोलताना त्यांनी मडमबाईंकडे बघितलं आणि त्यांच्यामागोमाग सगळ्या पटांगणानं बघितलं. साहेब हारांच्या आड मान खाली घालून हसले.

तेवढ्यात मडमबाई उठल्या.

त्या कधी सभेत बोलल्या नव्हत्या. पाळकसाहेब गोंधळून खुर्ची सरकवायला लागले. त्यांना हातानं बाजूला करून मडमबाई पुढं आल्या.

“चोर मी,” त्या म्हणाल्या.

लोकांना आधी कळलंच नाही.

“कोट मी घेतला. किल्ली मी घेतला. पासपोर्ट मी घेतला. एस्तेर नाही. शांतवन नाही. मी.” आवाज नेहमीसारखाच चढा, जसं काही भाजीवालीशी बोलतायत. “एस्तेर चांगला सिस्टर आहे. उजागरे, लिहून घे.”

कुणीतरी हसलं आणि गप्प झालं.

“आणि मी जाणार नाय. तो जाणार. त्याला जायचंय. मला नाय. त्याला विचारा.”

एवढं बोलून त्या खुर्चीत जाऊन बसल्या. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी उठली. साहेबांनी तिचा मुलगा वाचवला होता. दोन्ही हात जोडून म्हणाली, “साहेब, खरं का हो? तुमालाच जायाचंय?”

ज्या माणसाला मराठीत शब्द कधी कमी पडले नव्हते, तो नुसता उभा होता. हार काढायला त्यांनी हात वर नेला, पण थरथरत्या बोटांना गाठ सापडेना. शेवटी हार तसेच राहू देऊन म्हणाले, “खरंय, मावशी.”

म्हातारी खाली बसली. सभा संपली असं कुणी जाहीर केलं नाही, माणसं आपोआप उठली.

संध्याकाळी मी इंजेक्शन द्यायला गेले. मडमबाई अंगणात कोंबड्या कोंडत होत्या. साहेब व्हरांड्यात एकटेच होते.

“तू माझ्यावर रागावलीयस,” ते म्हणाले.

“सगळं गाव मॅडमना नावं ठेवत होतं, साहेब. तुम्ही एकदाही नाही म्हटलं नाहीत.”

“खरंय, मी गप्प राहिलो.” त्यांनी हात पुढं केला, मी बाही वर सारली. “मला सोपं गेलं ते. मीच निघालोय असं सांगितलं असतं तर ही माणसं मला जाऊ देती का? आणि मला जायचं होतं, एस्तेर. फार जायचं होतं.”

“आमच्यापासून?”

“ठोंबरेपासून,” ते म्हणाले. “होळीच्या आधी ती सोनईची बाई आली होती, आठवते? तिच्यासाठी काही करण्यासारखं उरलं नव्हतं. म्हणाली, साहेब, नुसता हात लावा. मी लावला. पाया पडून गेली. त्या रात्री मला झोप आली नाही. हातात काही राहिलं नाही तरी हे लोक पाया पडत राहणार. तिथं मी दवाखान्यात जाईन तर रांगेत उभा राहीन. नंबर आला की कुणीतरी पोरगी वर न बघता विचारील, नाव काय? मला तेवढंच हवंय.”

“आणि मॅडम?”

“मला वाटलं, ती खूश होईल.” मग त्यांनी मान हलवली. “नाही. मला ठाऊक होतं. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही.”

मी सुई काढली, कापूस दाबला आणि निघाले. त्या दिवशी मी त्यांना सलाम केला नाही.

ते मे महिन्यात गेले. एकटेच. मडमबाईंनी स्वतः बाजरी झटकून कोट पेटीत भरून दिला. फाटकापर्यंत त्या आल्या, एस.टी. स्टँडपर्यंत नाही. फाटकावर दोघं काय बोलली ते कुणाला माहीत नाही. गावानं मात्र पुन्हा आपल्यापुरतं ठरवून टाकलं, की बायकोनं भर सभेत पाणउतारा केला म्हणून साहेब एकटे गेले. मी कितीदा सांगितलं. ज्यांना पटायचं त्यांना पटलं.

बंगला नव्या डॉक्टरांना गेला. मडमबाई आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. मी मेट्रन झाले. त्यांनी माझी माफी कधी मागितली नाही. आईशी त्यांचं सांडपाण्यावरून रोज वाजायचं. पण एखाद्या दिवशी त्यांचा आवाज आला नाही की आईच दार ठोठावायची, “काय गं मडम, बरी हाय ना?”

साहेबांची पत्रं यायची. अधूनमधून, थोडक्यात. ते चर्चच्या हॉलमध्ये कपबश्या विसळायला जातात, असं एकदा लिहिलं होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात तार आली. मी वाचून दाखवली. मडमबाईंनी ती माझ्या हातातून घेतली, स्वतः वाचली, घडी केली. लोक भेटायला येणार, पाळकसाहेब प्रार्थना ठेवणार, हे त्यांना माहीत होतं. खाटेच्या काठावर बसून त्यांनी विचारलं, “एस्तेर, लोकांना काय सांगायचं? मराठीत काय म्हणतात?”

“‘गेले’ म्हणतात, मॅडम.”

“तो गेला?”

“गेले. मोठ्या माणसाला ‘गेले’ म्हणायचं.”

त्यांनी तो शब्द दोन-तीनदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. बाहेर पहिली माणसं पायऱ्या चढत असल्याचं ऐकू आलं. त्या उठल्या, पदर नव्हता तरी खांद्यावरून हात फिरवला आणि दाराकडे निघाल्या.

“‘गेले’ नाय,” त्या म्हणाल्या. “गेला. तो एकच होता.”